गोळी लागली आणि काहीच झालं नाही : मराठी पटकथालेखकांना आणि दिग्दर्शकांना खुलं पत्र

मराठी चित्रपट आणि वेब मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तो तुमच्यातलाच, एका मालिकेवर सहायक दिग्दर्शक आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेले, मागे जनरेटरची घरघर. "मावशी, पटकन सांग. गोदामात आरडीएक्सची खोकी आहेत, हिरो लांबून पिस्तुलानं गोळी झाडतो. स्फोट किती मोठा दाखवू?"

मी म्हटलं, "बहुतेक काहीच होणार नाही. खोक्याला भोक पडेल."

तिकडे जरा वेळ नुसती घरघर. मग, "अगं, पण मग सीनचं काय?" आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याला द्यायचं उत्तर तेव्हापासून डोक्यात घोळतंय. एकट्या त्यालाच कशाला, म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहितेय.

माझी नोकरी पुण्यात, स्फोटकांच्या प्रयोगशाळेत गेली. मी शास्त्रज्ञ नव्हते. शास्त्रज्ञ सांगतील ते मोजायचं, वहीत नोंदवायचं आणि संध्याकाळी घरी जाताना हात दोनदा धुवायचे, हे माझं काम. इथे कसलीही गुपितं फोडत नाही. जे सांगणार आहे ते जगभर छापून झालेलं आहे, फक्त पटकथेपर्यंत पोचलेलं नाही.

दिवाळीतल्या टिकल्यांपासून सुरुवात करते. दगडावर टिकली ठेवायची आणि दुसऱ्या दगडानं हाणायचं. बहुतेक टिकल्या वाजतात. एखादी मात्र चार घाव खाऊनही गप्प बसते आणि आपण वैतागून ती पायाखाली रगडली की तेव्हा वाजते. गोळी लागल्यावर स्फोटक कसं वागतं याचं निम्मं शास्त्र त्या एका टिकलीत आहे. पहिली गोष्ट, टिकलीची दारू मुळातच घावाला फुटावी म्हणून बनवलेली असते. बॉम्बच्या पोटातली दारू नेमकी उलट, घावाला फुटू नये म्हणून निवडलेली असते. आणि दुसरी गोष्ट, घाव आणि आवाज यांच्यात हिशेब पक्का नसतो. शक्यता असते.

ही शक्यता मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं. त्याला फॉल हॅमर म्हणतात. दोन उभ्या सळ्यांमधून दोन किलोचं वजन सोडायचं. खाली पोलादाच्या दोन गुळगुळीत तुकड्यांमध्ये तीसेक मिलिग्रॅम भुकटी, म्हणजे चिमटीत धरली तर जाणवणारही नाही एवढी. वजन पडलं की एकतर नुसतं 'खट्' होतं, नाहीतर कानठळी बसवणारं 'फट्'. फट् झालं तर पुढच्या वेळी उंची एक पायरी कमी, खट् झालं तर एक पायरी वाढवायची. वहीत फुली आणि गोल, फुली आणि गोल. पंचवीस-तीस वेळा हे केलं की एक उंची हाती येते, जिथून टाकलेल्या वजनानं नमुना निम्म्या वेळा फुटतो आणि निम्म्या वेळा फुटत नाही. त्याच उंचीवर, त्याच भुकटीवर, त्याच हातानं! नवीन मुलं विचारायची, "मॅडम, नक्की आकडा काय लिहू?" तो निम्म्याचा आकडाच नक्की, हे पचायला त्यांना महिनाभर लागायचा.

हे असं का होतं, याचं उत्तर केंब्रिजमध्ये बाउडेन आणि योफी या दोघांनी शोधलं, गेल्या शतकाच्या मध्याला. घाव बसला म्हणून सगळं स्फोटक एकसारखं तापत नाही. कणांमध्ये अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे दाबले जातात, सायकलला हवा भरताना पंप तापतो तसे ते तापतात. कण एकमेकांवर घासतात. अशा मायक्रॉनच्या मापाच्या जागा क्षणभर कित्येक शे अंशांवर जातात. त्यांतल्या बऱ्याचशा विझतात, कारण आजूबाजूचा थंड पदार्थ उष्णता ओढून घेतो. एखादी तगते आणि पसरते. म्हणून तर आरडीएक्सचे कण मेणात किंवा रबरासारख्या चिकट पदार्थात मळतात. कणावर कण घासायला नको, घाव गिळला जावा.

आता तुमच्या हिरोचं पिस्तूल घ्या. त्याची गोळी सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटरनं जाते, रायफलची आठशे-साडेआठशेनं. आपल्याला ते अफाट वाटतं. पण टीएनटी हे स्फोटक डिटोनेट होतं, म्हणजे नुसतं न जळता धक्क्याच्या लाटेनं एका झटक्यात फुटतं, तेव्हा त्यातून धावणारी ती लाट सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर जाते, आरडीएक्समधली आठ किलोमीटरच्याही पुढे. ती लाट जन्माला घालायला तशाच तोडीचा धक्का लागतो आणि म्हणून प्रत्येक बॉम्बमध्ये डिटोनेटर, मग बूस्टर, मग मुख्य दारू अशी उतरंड असते. एकट्या गोळीनं ती उतरंड ओलांडायची म्हणजे फार झालं. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक सी-४ या स्फोटकाचे छोटे तुकडे पेटवून त्यावर डबे गरम करत, हे तुम्ही वाचलं असेल. धूर विषारी, करू नये तेच ते करत होते. पण तो पदार्थ जळत होता, फुटत नव्हता.

इथपर्यंत ऐकून भाचा म्हणाला असता, "म्हणजे सुरक्षितच की!" तिथेच खरी गोष्ट सुरू होते आणि तिथेच तुम्ही कट मारता.

लहानपणी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वाड्यात न फुटलेले फटाके गोळा करायचो, सोलायचो आणि सगळी दारू वर्तमानपत्रावर ओतून काडी लावायचो. (आईला कळलं तेव्हा जे झालं ते इथे लिहीत नाही. तुमच्या मुलांना करू देऊ नका, त्या खेळात आमच्या आळीतल्या एकाच्या भुवया गेल्या.) ती दारू कागदावर 'भुस्स' करून एका भडक्यात संपते. तीच सुतळीत करकचून आवळलेली असली की सुतळी बॉम्ब. दारू तीच, फरक फक्त कोंडलेपणाचा. वायूला बाहेर पडायला वाट नाही, दाब वाढतो, दाब वाढला की ज्वलन आणखी वेगानं, म्हणून दाब आणखी. शिट्टी अडकलेल्या कुकरची गोष्ट, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागात.

लष्करी दारूगोळ्यावर गोळी झाडून पाहायची रीतसर चाचणी असते. नाटो देशांचं मानक आहे त्यासाठी. १२.७ मिलिमीटरची चिलखतभेदी गोळी, सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगानं. बॉम्बच्या तुकड्यांसाठी वेगळी चाचणी, त्यात पोलादाचा छोटा तुकडा सेकंदाला अडीच किलोमीटरनं मारतात. निकाल 'फुटलं' किंवा 'नाही फुटलं' असा लिहीतच नाहीत. पायऱ्या आहेत. सगळ्यात वर पूर्ण डिटोनेशन. त्याखाली अर्धवट डिटोनेशन, मग नुसता स्फोट म्हणजे दाबानं डब्बा फाटणं, मग डिफ्लॅग्रेशन म्हणजे जोरकस भडका, मग नुसतं जळणं आणि शेवटी काहीच नाही. पास व्हायचं तर जळण्याच्या वर जाता कामा नये. जळणं कशाला म्हणायचं यालाही नियम आहे, धोक्याच्या जोराचा एकही तुकडा पंधरा मीटरच्या पलीकडे उडता कामा नये.

निकाल कसा वाचतात ते तर तुमच्या कॅमेऱ्यासाठीच आहे. नमुन्याखाली जाड पोलादी पत्रा ठेवतात, त्याला साक्षीदार म्हणतात. पत्र्याला कडा सुटून स्वच्छ भोक पडलं असेल तर डिटोनेशन. नुसताच वाकला, बशीसारखा झाला, तर त्याहून कमी काहीतरी. काजळी धरून तसाच पडला असेल तर नुसती आग. आणि मैदानात न जळलेल्या दारूचे खडे सापडले तर समजायचं की लाट पोचलीच नाही, डब्बा फक्त दाबानं फाटला. माणसं खाली मान घालून, हातात पिशव्या आणि टेप घेऊन त्या मैदानात फिरत असतात. कुठला खडा किती मीटरवर. बघणाऱ्याला वाटेल शेतात शेंगा वेचतायत.

पण त्याआधी काय असतं, तर वाट बघणं. गोळी झाडली, दूरच्या बंकरमध्ये पडद्यावर एक भोक दिसलं, बारीक धूर आला. आणि मग काही नाही. कुणी बाहेर पडत नाही. चहा येतो, पितात, पुन्हा पडद्याकडे बघतात. आतमध्ये काही धुमसतंय की विझलं, हे बाहेरून कळत नाही. त्या शांततेइतकं ताणलेलं दृश्य मी कुठल्याही सिनेमात पाहिलेलं नाही. तुमचा हिरो मात्र तोवर पाठ फिरवून, गॉगल लावून, स्लो मोशनमध्ये चालायला लागलेला असतो.

तुम्ही म्हणाल, बाई, हे प्रयोगशाळेतलं झालं. मग लढाईतलं घ्या. ३१ मे १९१६, जटलँडची नाविक लढाई. ब्रिटिशांच्या तोफगोळ्यांत लिडाइट होतं, म्हणजे पिक्रिक आम्ल. चिलखत फोडून आत शिरायचं आणि मग फुटायचं, हे त्या गोळ्यांचं काम. पण लिडाइट धक्क्याला फार हळवं. जर्मन जहाजाच्या चिलखतावर आदळताच ते बाहेरच फुटायचं, आत जायच्या आधी. जर्मनांकडे टीएनटी होतं, तुलनेनं थंड डोक्याचं, आणि उशिरा पेटणारे फ्यूज, म्हणजे गोळ्याला फोडणारी कळ. म्हणजे ब्रिटिशांचा घोटाळा असा की त्यांची दारू आदळल्यावर फुटत होती! तुमच्या सगळ्या सिनेमांत जे होतं नेमकं तेच, आणि ते अपयश होतं. नवे, कमी हळवे गोळे ताफ्यात यायला १९१८ उजाडलं. टीएनटीची गंमत म्हणजे १८६३ मध्ये यूलिउस व्हिलब्रांटनं ते बनवलं तेव्हा पिवळा रंग म्हणून वापरायचं चाललं होतं. फोडायला इतकं अवघड की ते स्फोटक आहे हे लक्षात यायलाच वर्षानुवर्षं गेली.

दुसरा प्रसंग मला सगळ्यात जास्त छळतो. २९ जुलै १९६७, टोंकिनच्या आखातात अमेरिकेची विमानवाहू नौका फॉरेस्टल. डेकवर विमानं बॉम्ब लावून सज्ज. विजेच्या एका झटक्यानं एका विमानाखालचं झुनी रॉकेट आपोआप सुटलं, डेक ओलांडून समोरच्या विमानाच्या इंधनटाकीत घुसलं. आता विचार करा, तुमच्या पटकथेत इथे काय झालं असतं? प्रत्यक्षात रॉकेटचं टोक फुटलंच नाही. त्याच्यातल्या सुरक्षायंत्रणेनं आपलं काम केलं. टाकी फाटली, इंधन सांडलं, पेटलं, बस. पण त्या आगीत जे बॉम्ब पडले त्यांतले काही जुने होते, कोरियन युद्धाच्या वेळचे, गोदामात वर्षं काढलेले आणि उष्णतेला हळवे. दीड मिनिटाच्या आसपास पहिला फुटला. अग्निशमनाची तुकडी तेव्हा अगदी जवळ नळ्या धरून उभी होती, कारण बॉम्ब आगीत त्याहून बराच जास्त वेळ टिकतो असं त्यांना शिकवलेलं होतं. १३४ माणसं गेली. पुढे सिनेटर झालेले जॉन मॅककेन त्या डेकवर विमानात बसलेले होते, ते वाचले.

धक्क्याला न फुटलेल्या वस्तूनं आग लावली आणि आगीनं मारलं. त्या दीड मिनिटात सगळा चित्रपट आहे.

असे अपघात होत गेले तेव्हाच जग हादरून कमी हळव्या दारूगोळ्याकडे वळलं. १९६६ मध्ये स्पेनमधल्या पालोमारेसवर अमेरिकेचं बी-५२ हवेत दुसऱ्या विमानावर आदळलं आणि चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. त्यांतल्या दोघांमधली साधी दारू जमिनीवर आपटून फुटली. अणुस्फोट झाला नाही, तसा होऊ नये याचीच रचना असते, पण प्लुटोनियम टोमॅटोच्या शेतांत पसरलं. शेवटी तिथली सुमारे १,४०० टन माती बोटीनं अमेरिकेला नेली. दोन वर्षांत ग्रीनलंडमध्ये थूलेजवळ पुन्हा तेच. त्यानंतर टीएटीबी नावाचं, गोळ्या झाडा की आपटा, ढिम्म न हलणारं स्फोटक अण्वस्त्रांत आलं. माझ्या मते गेल्या शतकातलं ते मोठं संशोधन आहे, पण न फुटण्याला कोण बक्षीस देणार?

आपल्या मुंबईचं तर सांगायलाच नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. दुपारी आग लक्षात आली, पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी. मधल्या वेळात माणसं पाणी मारत होती, निर्णय घेत होती, घेत नव्हती. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांच्यामुळे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तांत्रिक चूक दाखवून नाक वर करायला मी लिहीत नाहीये. सिनेमात गाणी म्हणत पाऊस पडतो, तेही मी आवडीनं बघते. पण 'आदळलं की फुटतं' हे तुम्ही इतक्यांदा दाखवलंय की त्याची उलटी बाजू लोकांच्या डोक्यात आपोआप बसलीय : आदळूनही फुटलं नाही म्हणजे ते मेलेलं आहे. आपल्याकडे फायरिंग रेंजच्या कडेनं गावं आहेत. अहिल्यानगरजवळची के. के. रेंज आहे, विदर्भात पुलगावचा परिसर आहे. तोफगोळा सुटला, जमिनीत घुसला, फुटला नाही. सेकंदाला काहीशे मीटरनं येऊन आपटलेली वस्तू ती, एवढ्या आपटीनं फुटली नाही तर आपल्या हातोडीनं काय होणार? हा तर्क अगदी शहाण्या माणसाचा आहे आणि पूर्ण चुकीचा आहे. त्या गोळ्याची मुख्य दारू घाव गिळणारी असेलही. पण त्याचा फ्यूज आता झोपेतून अर्धा उठलेला असतो, आतली टिकली ताणलेली असते आणि ती मात्र घावासाठीच बनवलेली असते. नऊ वेळा 'खट्' झालं म्हणून दहाव्यांदा 'फट्' होणार नाही असं आमच्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. तांब्यासाठी, पितळेसाठी, किलोमागे मिळणाऱ्या पैशांसाठी माणसं तो दहावा घाव घालतात.

पुलगावचं नाव घेतलंय तर सांगते. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या दारूगोळा भांडारात आग लागली, अधिकारी, जवान आणि अग्निशमनाचे कर्मचारी गेले. तिथे कुणी गोळी झाडलेली नव्हती. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच परिसरात सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात सहा जण गेले. जुना म्हणजे निकामी नव्हे. उलट म्हाताऱ्या दारूचा स्वभाव सांगता येत नाही, एवढंच मी माझ्या नोकरीत शिकले असं म्हटलं तरी चालेल.

तुमच्यामुळे ही माणसं गेली असं मी म्हणत नाही. त्यांना पोटानं तिथे नेलं. पण त्या गावांत मोबाइलवर तुमच्या मालिका बघितल्या जातात, सरकारी पत्रक नाही. लोकांना जे एक वाक्य माहीत असायला हवं, 'हात लावू नको, लांब हो, पोलिसांना कळव', ते तुमच्या एखाद्या पात्राच्या तोंडी आलं तर पत्रकाच्या शंभरपट पोचेल.

एक मान्य करते. गोळी लागल्यावर कधीच काही फुटत नाही असंही दाखवू नका. गोळी फ्यूजला लागली तर वेगळी गोष्ट, दारू कुठली, किती कोंडलेली, यावर सगळं फिरतं. अमेरिकेत तर गोळी लागताच फुटावीत अशी खास लक्ष्यं दुकानात मिळतात. रणगाड्याचा बुरूज आकाशात उडताना तुम्ही युक्रेनच्या चित्रफितींत पाहिलं असेल, तिथे आत ठेवलेल्या तोफेच्या दारूनं पेट घेतलेला असतो, बंद खोलीत. पुन्हा तोच सुतळी बॉम्ब. आणि हो, गॅसच्या सिलिंडरला आणि गाडीच्या पेट्रोलटाकीला साधी गोळी लागली तर गळती होते. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

परवा रविवारी भाचा जेवायला आला होता. आमटी वाढता वाढता मी त्याला त्याचा सीन माझ्या परीनं लिहून दिला, विजेच्या बिलाच्या पाठीवर. हिरो गोळी झाडतो. खोकं जरासं हलतं. भोक पडतं, इतकंच. खलनायक हसतो. हिरो दुसरी गोळी भरतो. तेवढ्यात गोदामात काम करणारी एक बाई (तिचं वय माझ्याएवढं ठेव म्हटलं) त्या भोकातून येणारा धुराचा केसासारखा धागा बघते आणि ओरडत नाही. शेजारच्या पोराचा दंड धरते आणि चालायला लागते. भरभर. खलनायक अजून हसतोच आहे.

"आणि मग स्फोट?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "ते मलाही माहीत नाही. म्हणून तर ती चालतेय."

त्यानं बिल घडी करून खिशात ठेवलं. दिग्दर्शकाला दाखवतो म्हणाला. बिल भरायची तारीख पंधरा आहे, त्याआधी परत मिळालं तर बरं.

आपली,
स्फोटकांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक कर्मचारी
पाषाण, पुणे